बंद लखोट्यातील हुकूम

हुकूम लिहिला जाताच ज्या राज्यात त्याची अंमलबजावणी होते ते राज्य कार्यक्षम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु दप्तराच्या कारभारात ज्यांची हयात गेली आहे ते जाणतात की, हुकूम लिहिण्यापेक्षा तो योग्य घटका येईपर्यंत मोहोरबंद ठेवणे, आणि तेवढ्या अवधीत तो गहाळही होऊ न देणे, हे किती तरी अवघड काम आहे. या कामातले विलक्षण नैपुण्य मला अलीकडे जिथे आढळले ते स्थळ कोणत्याही राजधानीत नाही; ते हिवतापाच्या परजीवीच्या एका मादी जननपेशीत आहे.

या एकपेशीय जीवाला दोन मुलूख राखावे लागतात. मनुष्याच्या रक्तात तो तांबड्या पेशी फोडीत वाढतो. त्याच्या सर्वांत घातक जातीत हे चक्र सुमारे 48 तासांचे असते. मात्र काही पेशी या वाढीच्या धांदलीतून निवृत्त होतात, दहाबारा दिवसांत कोयरीसारखा वक्र आकार धारण करतात आणि डासाच्या दंशाची वाट पाहत राहतात. दोन्ही मुलुखांत मूळ दप्तर एकच: चौदा गुणसूत्रे आणि त्यांवरील पाच हजारांहून काही अधिक जनुके. बदलते ते एवढेच, की त्या दप्तरातील कोणत्या हुकुमाची नक्कल केव्हा काढावी, आणि काढलेल्या नकलेबरहुकूम प्रथिन केव्हा घडवावे.

6 नोव्हेंबर 1880 रोजी अल्जीरियातील कॉन्स्टंटाईन येथे लाव्हरां या फ्रेंच लष्करी वैद्याने एका रुग्णाचे ताजे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा एका गोल देहातून बारीक तंतू बाहेर पडून चाबकासारखे फटकारे मारताना त्याला दिसले. ते तंतू म्हणजे नर जननपेशी होत, हा उलगडा पुढे 1897 साली पक्ष्यांच्या रक्तातील अशाच एका परजीवीचे निरीक्षण करताना मॅकॅलम याने केला. काचेवरचा थेंब निवला होता, हवेच्या स्पर्शाने त्याची आम्लता घटली होती. आणि डासाच्या जठरात शिरलेल्या रक्ताची अवस्था तरी याहून वेगळी कुठे असते? तिथे झँथुरेनिक आम्ल नावाचे एक द्रव्य या इशाऱ्याला बळकटी देते, एवढेच. इशारा मिळताच पंधरावीस मिनिटांच्या आत एका नर पेशीतून आठ तंतू सुटतात. लाव्हरांच्या काचेवर, डास जवळपास नसतानाही, मोहीम सुरू झाली होती.

मादीची तयारी याहून गूढ आहे. डासाच्या पोटात गर्भधारणा झाल्यानंतर जी प्रथिने लागणार, त्यांचे हुकूम, म्हणजे संदेशवाहक आरएनएच्या शेकडो नकला, ती मनुष्याच्या रक्तात असतानाच लिहून ठेवते. पण प्रथिने घडवणाऱ्या रायबोझोमच्या कारखान्यापर्यंत त्या पोहोचू देत नाही. डोझी नावाचे एक प्रथिन आपल्या साथीदारांसह त्या नकलांना वेढून बसते. उंदरांच्या हिवतापावर काम करणाऱ्या संशोधकांनी हे प्रथिनच काढून टाकले तेव्हा (त्यांचा निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाला) हुकूम वेळेआधी बजावले जातील अशी अपेक्षा कोणीही केली असती. घडले ते निराळेच: बहुसंख्य नकला नाश पावल्या, आणि गर्भधारणा होऊनही पुढची वाढ खुंटली. मोहोर करणारा आणि जतन करणारा कारकून एकच होता. पुढे डासाच्या लालाग्रंथीत मनुष्याची वाट पाहणाऱ्या अवस्थेतही असाच संयम आढळतो. तिथे एक विकर प्रथिननिर्मितीच्या आरंभालाच लगाम घालते.

हे हुकूम आधीच का बजावू नयेत? पी-25 आणि पी-28 ही प्रथिने डासाच्या जठरात उपयोगी पडणारी. मनुष्याच्या देहात ती निरुपयोगी, किंबहुना घातकच. रक्तात मरणाऱ्या जननपेशींतून ती बाहेर सांडली असती, आपल्या शरीराने त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवली असती, आणि डासाने शोषलेल्या रक्तासोबत ती प्रतिपिंडेही परजीवीच्या पाठोपाठ जाऊन पोहोचली असती. लखोटा बंद असल्यामुळे आपल्या पहारेकऱ्यांना त्या प्रथिनांचा चेहरा ठाऊकच नसतो.

इथे ‘परजीवी धूर्त आहे’ असे लिहिण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. तिथे ना सरदार, ना मुत्सद्दी. ज्यांचे लखोटे वेळेआधी फुटले त्यांचा वंश मागे पडला असावा, एवढाच या शहाणपणाचा इतिहास. शिवाय, ज्यांना डास लाभत नाही अशा असंख्य जननपेशी आपले न फोडलेले लखोटे उराशी धरूनच मरतात. प्रतीक्षेची ही किंमत निसर्ग हिशेबात धरतो. हळहळ मात्र करीत नाही.

हळहळ आणि निवड या आपल्या वाट्याच्या गोष्टी. पी-25 ची ओळख लशीच्या द्वारे मनुष्याच्या रक्ताला आधीच करून द्यावी, असा उद्योग शास्त्रज्ञांनी आरंभला आहे. तो अद्याप परीक्षणाच्या पायरीवर आहे. पण अशी लस टोचून घेणाऱ्याचा स्वतःचा ताप तिने टळत नाही. तिची प्रतिपिंडे डासाच्या पोटात कामाला लागतात आणि तिचा लाभ होतो तो त्या डासाने पुढे ज्याला दंश केला असता त्याला. सुई एका घरात टोचायची आणि हुडहुडी दुसऱ्या घरातली टळायची! परजीवी ज्या मुलुखासाठी लखोटा राखतो तो मुलूख त्याने पाहिलेला नसतो, आणि त्याला ते कळतही नाही. आपल्याला मात्र, ज्याचे तोंड कधी दिसणार नाही अशा शेजाऱ्यासाठी, समजून उमजून बाही वर सारावी लागेल.