धाब्याचा कठडा

येत्या रविवारी आमच्या नव्या घराला आशीर्वाद द्यायला फादर येणार आहेत. वाडीतलं जुनं घर भावाकडे राहिलं आणि आम्ही वसईतच पाचव्या मजल्यावर आलो. काल आल्तारासाठी कोपरा ठरवला. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्यापुढे तांबडा दिवा, बाजूला क्रूस आणि क्रुसामागे खोचलेली झावळी. झावळ्यांच्या रविवारी हिरवीगार घरी आणलेली ती झावळी आता वाळून पिवळी पडली आहे. राखेच्या बुधवाराआधी ती चर्चमध्ये परत द्यायची; अशाच झावळ्यांची राख आपल्या कपाळाला लागते. ईस्टरच्या आदल्या रात्री आशीर्वादित केलेल्या पाण्याची बाटलीही आईने सामानातून जपून आणली आहे.

मुलीने विचारलं, हे सगळं कशासाठी? मी पटकन म्हटलं, घराचं रक्षण व्हावं म्हणून. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर माझंच उत्तर मला टोचायला लागलं. रक्षण, पण कुणापासून?

टोचायला कारण होतं. ओळखीतल्या एका घरी आजारपण आलं. कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं की शेजारच्यांची नजर लागली आहे. दाराच्या चौकटीला तेल लावा, चारी कोपऱ्यांत मीठ टाका. तेल, मीठ, पाणी या तिन्हींना आपल्या उपासनेत जुना मान आहे, मलाही त्यांचं प्रेम आहे. पण त्या घरात प्रार्थना झाली ती शेजाऱ्याविरुद्ध. वाटीभर साखर मागायला उघडणारं दार बंद झालं. आजार होता तिथेच राहिला. आशीर्वादाचा असा ताईत झालेला पाहिला की मला फार वाईट वाटतं.

दाराच्या चौकटीवरची बायबलमधली सगळ्यात जुनी खूण निर्गमाच्या बाराव्या अध्यायात आहे. मिसरातली ती रात्र. एजोबाची जुडी कोकराच्या रक्तात बुडवून दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायची आणि सकाळपर्यंत कुणी घराबाहेर पडायचं नाही. हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. त्याच अध्यायात त्याआधी एक बारीकशी सूचना आहे, तिच्यावरून मात्र आपली नजर घसरते. एखादं कुटुंब लहान असेल, एक अख्खं कोकरू त्याला जास्त होणार असेल, तर त्याने लागून असलेल्या शेजाऱ्याबरोबर मिळून एकच कोकरू घ्यावं. म्हणजे त्या भयाण रात्री कित्येक दारांवर लागलेलं रक्त दोन घरांनी वाटून घेतलेल्या कोकराचं असणार. शेजारी किती, कोण किती खाणार, हा हिशोब आधी झाला आणि मग चौकट रंगली. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडेही असंच घडलेलं आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग आल्याचं डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं. पुढच्या वर्षांत वांद्र्याच्या गावठाणांत आणि इतरत्र जे क्रूस उभे राहिले, त्यांतल्या कित्येकांच्या चौथऱ्यांवर त्या काळातली सालं आजही वाचता येतात. घरात माणसं मरत असताना लोकांनी क्रूस उभारला तो रस्त्याच्या कडेला, गल्लीच्या तोंडाशी, सगळ्यांचं येणंजाणं असेल तिथे. मरणापासून राखायची होती ती आख्खी वस्ती. मे महिन्यात अशा क्रुसापाशी रोझरी म्हटली जाते, आणि ख्रिस्ती नसलेला माणूसही जाताजाता फूल ठेवतो, हात जोडतो. त्याला कुणी अडवत नाही. अडवूही नये.

फादर घरात पाऊल ठेवतात ते घराला शांती चिंतून. ही रीत येशूने शिष्यांना गावोगाव पाठवलं तेव्हापासूनची. लूकच्या दहाव्या अध्यायात तो त्यांना सांगतो की कुठल्याही घरात शिराल तेव्हा आधी शांती द्या. तिथे शांतीचा माणूस असेल तर ती त्याच्यावर टिकेल, नसेल तर तुमच्याकडे परत येईल. परत येईल! पाणी भिंतींवर शिंपडलं जातं, पण शांतीला उतरायला माणूस लागतो. घरात तसं कुणी नसलं तर दिलेला आशीर्वाद उंबऱ्यावरून माघारी फिरतो. रविवारी तो आमच्याकडे कुणावर उतरेल, हे मी स्वतःला विचारत आहे. आईवर उतरेल, याची खात्री आहे. माझी नाही.

अनुवादाच्या पुस्तकात घराबद्दल दोन आज्ञा आहेत, त्या मला फार आवडतात. एक अशी की ज्याने नवं घर बांधलं आणि त्याचं समर्पण अजून केलेलं नाही, त्याला लढाईवरून घरी जाऊ द्यावं. आणि दुसरी बाविसाव्या अध्यायातली: नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, म्हणजे कुणी वरून पडून तुझ्या घरावर रक्तपाताचा दोष यायचा नाही. बाहेरचं संकट आत येऊ नये म्हणून आपण दाराला क्रूस लावतो. इथे परमेश्वर उलट्या बाजूने विचारतो: तुझ्या घरामुळे कुणाला इजा होईल का?

हे वचन वाचताना मला वडील दिसतात. वाडीतलं घर नव्याने बांधलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. फादर रविवारी येणार होते, भिंतींना रंग लागायचा होता, पडदे शिवून यायचे होते. वडील मात्र शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी विहिरीपाशी बसून ढासळलेला कठडा बांधत होते. आई चिडली. ते एवढंच म्हणाले की गल्लीतली पोरं चेंडू शोधत इकडेच येतात. त्यांनी अनुवादाचं पुस्तक उघडलेलं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी खोल्याखोल्यांतून पाणी शिंपडून झाल्यावर ते फादरांना परसात घेऊन गेले. सिमेंट पुरतं वाळलेलं नव्हतं. आशीर्वादाचे थेंब त्या ओल्या कठड्यावर पडलेले मी पाहिले आहेत.

पाचव्या मजल्यावर विहीर नाही. पण जिन्यातला आमच्या दारासमोरचा दिवा गेलेला आहे आणि दोन पायऱ्यांच्या कडा फुटल्या आहेत. समोरच्या घरातल्या आजी भिंत धरून उतरतात. दिवा आज बदलतो. पायऱ्यांसाठी गवंडी शनिवारी यायचं म्हणाला आहे.

राहता राहिले उकडलेले चणे. प्रार्थनेनंतर ते मूठमूठ वाटायचे. मजल्यावर चार दारं आहेत, म्हणून मी किलोभर भिजवायचे म्हटलं. आई म्हणाली, दोन किलो भिजव, जिन्याने येणारीजाणारी माणसं असतात.