डाव कोणाचा?

मंडळी, ‘यंदा काहीतरी हलकंफुलकं लिहा’ असं संपादकांनी बजावलं, म्हणून मोबाईलवरचा एक खेळ निवडला. पण खेळातून गोष्ट थेट धर्माधर्मापर्यंत पोचली, त्याला माझा इलाज नाही!

खेळाचं नाव ‘होंकाई: स्टार रेल’. चीनच्या मिहोयो कंपनीने तो एप्रिल 2023 मध्ये जगभर आणला. अंतराळातून धावणारी आगगाडी, आणि प्रत्येक मुक्काम म्हणजे नवं जग. लढाया आहेत, पण बोटांची घाई नाही. बुद्धिबळासारखी पाळी येते. तुमची पाळी आली की खेळ थांबतो. चहा करून आलात तरी शत्रू बिचारा उभाच! कोणावर आग चालेल, कोणावर बर्फ, यानंतर पाळी कोणाची, सगळं समोर दिसतं. डोकं चालवलं की फळ मिळतं.

नवे साथीदार हवे असतील तर मात्र सोडत काढावी लागते. एका सोडतीला 160 रत्नं. ती खेळून मिळतात, नाहीतर डॉलर मोजून. सर्वोच्च दर्जाचा साथीदार लागण्याची मूळ शक्यता 0.6 टक्के. म्हणजे शंभर जणांनी प्रत्येकी 50 सोडती काढल्या तरी सुमारे 74 जण रिकाम्या हातानेच परततील. नव्वदाव्या सोडतीला तो हमखास मिळतो. या सोयीला खेळाडू ‘पिटी’, म्हणजे दया म्हणतात! पण मिळालेला साथीदार तुम्हाला हवा होता तोच असेल असं नाही. नसला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. वाईटात वाईट 180 सोडती, 28,800 रत्नं.

यात फसवणूक कुठे आहे? शक्यता खेळातच छापलेली आहे. दमडी न देता कथा पुरी करता येते. घेणारा राजीखुशीने घेतो. मग तक्रार कसली?

द्यूतसभेतही युधिष्ठिर स्वतःच्या पायांनी गेला होता. पण पण लावला दुर्योधनाने आणि फासे टाकले शकुनीने. ‘धर्मराजाने होकार दिला होता’ म्हणून आपण त्या दोघांना, किंवा गप्प बसलेल्या धृतराष्ट्राला, निर्दोष ठरवत नाही. होकार घेतला म्हणून बोलावणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. आपल्या सारीपाटातही फासे होतेच, पण ते दोन्ही बाजूंच्या हातात आळीपाळीने जात. इथे ते कायम एकाच बाजूकडे!

कायद्यालाही हा प्रश्न पडला आहे. पैसे घेऊन अशी सोडत काढू देणं हा जुगार आहे, असं बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये ठरवलं. अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये, याच निर्मात्यांच्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळाच्या प्रकरणात, दोन कोटी डॉलरची तडजोड झाली. पालकांच्या संमतीशिवाय सोळा वर्षांखालच्या मुलांना सोडत विकायची नाही, अशी अटही त्यात आहे.

मला खटकतो तो पैसा नव्हे, सरमिसळ. विचार केला की यश येतं हा विश्वास लढाईत रुजवायचा, आणि तोच विश्वास घेऊन आलेल्या पोराला अशा खिडकीपाशी उभं करायचं, जिथे विचाराचा काही उपयोग नाही. ‘अजून दहाच काढतो’ हे त्याला चिकाटी वाटतं. खरं तर ते नुसतं थांबणं असतं, आणि थांबण्याचे पैसे पडतात.

आपल्या मंडळात निम्मे लोक माझ्यासारखेच सॉफ्टवेअरवाले. यादृच्छिक आकडा काढणारी ओळ लिहायला आपल्याला पाच मिनिटं पुरतात. ‘क्लायंटने मागितलं, आम्ही दिलं’ हे आपलं ठरलेलं उत्तर. भर सभेत द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नाला भीष्मांनीही धर्माची गती सूक्ष्म असते असं सांगून बगल दिली होती. आपल्याकडे तर तेवढंही कारण नाही. आपल्याला शक्यता दशांशापर्यंत माहीत असते. मुलांना खेळू द्या, खेळ छानच आहे. पण एकदा त्यांच्याबरोबर बसून तो 74 चा हिशेब कागदावर मांडा. आणि पुढच्या वेळी ऑफिसात असलं काही आपल्याकडे मागितलं गेलं, तर निदान ‘हे कोणासाठी?’ एवढं तरी विचारू या.