इस्राएलाच्या कन्यांचे चार दिवस
(शास्ते ११:३४-४०, यिर्मया ४४:१५-१९)

श्रावणात सातारा व सांगली या जिल्ह्यांत सासुरवाशिणी नागपंचमीस माहेरी येतात, झोके बांधितात, फेर धरितात. आणि चिरणे-तळणे वर्ज्य म्हणून घरोघर पुरणाची दिंडे उकडतात. बत्तीस शिराळ्याची पंचमी तर सर्वांस ठाऊक आहे.

इस्राएलातही कन्यांचे असे दिवस होते. इफ्ताहाने अविचाराने नवस केला, आणि तो त्याच्या एकुलत्या एका मुलीवर आला. तिने दोन महिन्यांची मुदत मागितली व मैत्रिणींसह डोंगरावर जाऊन शोक केला. पुढे प्रतिवर्षी चार दिवस इस्राएलाच्या कन्या तिच्यासाठी जात. त्या विलाप करीत असे पुष्कळांनी भाषांतर केले आहे. परंतु तेच इब्री क्रियापद दबोरेच्या गीतात वर्णन करणे या अर्थी आले आहे. आम्हांस वाटते, त्या रडतही असतील व तिची कथाही सांगत असतील. बापाचे नाव शास्त्रात राहिले, मुलीचे नाही. तिची आठवण मुलींनीच राखिली. ही चाल मोशेच्या नियमशास्त्रात नेमिलेली नाही, तरी शास्त्र तिला दोष देत नाही.

यिर्मयाच्या काळची गोष्ट निराळी. मुले लाकडे गोळा करीत, बाप विस्तव पेटवीत, आणि स्त्रिया कणीक मळून आकाशाच्या राणीसाठी पोळ्या करीत. इ. स. पूर्वी ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडल्यावर मिसरात गेलेल्या लोकांनी संदेष्ट्यास उत्तर दिले की, तिला धूप जाळणे सोडिले तेव्हापासून आम्हांस सर्व गोष्टींची वाण पडली. जत, आटपाडी, माण या भागांत पाऊस लांबला म्हणजे नव्या ख्रिस्ती बाईस सासू हेच ऐकविते: वारुळास दूध घातले नाहीस, म्हणून हे झाले. उपदेशक बंधूंनो, अशा वेळी तिला धमकावू नका. तिचे भय रिकाम्या मडक्यातून आलेले असते. त्या स्त्रियांनी असेही विचारिले की, आम्ही हे आमच्या नवऱ्यांवाचून का केले? यिर्मयाने पुरुष व स्त्रिया या दोघांसही जबाबदार धरिले. आमच्या पंचांत मात्र दोष बहुधा एकट्या बायकोच्या पदरी पडतो.

तर मग पंचमीस काय करावे? वारुळाची पूजा आमची नव्हे. दिंडे खुशाल खावी. शिलो येथे यहोवाच्या वार्षिक सणात मुली नाचत बाहेर निघत, मग झोका व फुगडी यांस आम्ही कां भ्यावे? नागोबास नवस बोलणारे गाणे सोडावे. भावाची व माहेराची ओवी कोणी बंद केली आहे?

आणि बाप्तिस्म्यामुळे जिचे माहेर तुटले, तिला न्यावयास त्या दिवशी कोणी येत नाही. उपदेशकाच्या पत्नीने तिला आदल्या दिवशीच आपल्या घरी बोलवावे, व अंगणातील झाडास दोर बांधून ठेवावा.