मुलांची रुची आणि आई-वडिलांचा मोह

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रीभगवंतांनी आहाराचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, ते गीतेच्या वाचकांस परिचित आहेतच. परंतु त्या श्लोकांतील एका शब्दाकडे सहसा लक्ष जात नाही. कोण काय खातो, असे भगवंत तेथे म्हणत नाहीत; कोणाला काय प्रिय असते, ते सांगतात. सात्त्विकाला प्रिय असे अन्न, राजसाला इष्ट असे अन्न, तामसाला प्रिय असे अन्न, अशी त्या निरूपणाची मांडणी आहे. अन्न पोटात जाण्यापूर्वी आवड होऊन मनात राहते आणि त्या आवडीवरून मनुष्याची प्रकृती ओळखता येते, असा त्याचा भाव आहे.

प्रौढ मनुष्याच्या ठिकाणी हे लक्षण बरोबर लागू पडते. पण दोन-तीन वर्षांच्या बालकाचे काय? पूर्वजन्मीचे संस्कार शास्त्राला मान्यच आहेत. तथापि बटाट्याच्या खारट वेफर्सचे पाकीट कोणत्याही बालकाने जन्मतःच मागितलेले नाही. ते त्याच्या हाती प्रथम कोणी तरी ठेवले. तो हात आईचा असेल, वडिलांचा असेल, लाड करणाऱ्या मामाचा किंवा आजीचा असेल. पुढे तेच मूल पाकिटासाठी रडू लागले म्हणजे घरातील मंडळी म्हणतात, "काय करावे, त्याला दुसरे काही आवडतच नाही!" स्वतः लावलेल्या आवडीचा दोष मुलाच्या जिभेवर ठेवून सर्व मोकळे होतात.

इंदुरातील एक मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. जेवणापूर्वी पंधराव्या अध्यायाचा पाठ करण्याची त्या घराची जुनी चाल. सहा वर्षांचा नातू आजोबांच्या मागोमाग श्लोक म्हणतो. प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नीच्या रूपाने राहून भगवंतच चारही प्रकारचे अन्न पचवितात, हा अर्थही त्याला आजोबांनी सांगितलेला आहे. एके रात्री पाठ संपतो, पण मुलापुढील पोळी-भाजीचे ताट तसेच राहते. तासाभरापूर्वी वडिलांनी कचेरीतून येताना आणलेला बर्गर आणि थंड पेयाची बाटली त्याने संपविलेली असते. मूल निरागसपणे विचारते, "आजोबा, वैश्वानराला कोला चालतो का?" सगळे हसतात. आजोबा मात्र म्हणतात, "चालतो की नाही ते मागाहून पाहू. आज त्याला भूक आहे का, ते आधी विचार."

या उत्तरात वैद्यकाचे मर्म आहे. लहान मुलाचे पोट लहान. जेवणाच्या आधी त्यात जे जाईल ते पुढच्या घासाची जागा घेते. साधारण ३०० मिलिलिटर कोलामध्ये सुमारे ३० ग्रॅम साखर असते. अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला तेराशे-चौदाशे कॅलरी लागतात असे धरले, तर ही मर्यादा सुमारे ३५ ग्रॅम येते. म्हणजे एका बाटलीत दिवसाचा वाटा जवळजवळ संपला, आणि शरीर घडविणारे काही पोटात गेलेच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील अतिवजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. त्याच सर्वेक्षणात त्याच वयाची ३५.५ टक्के बालके उंचीने खुरटलेली आढळली. एकाच देशात, पुष्कळदा एकाच गल्लीत, ही दोन्ही दुःखे शेजारी नांदत आहेत.

राजस आहाराचे वर्णन करताना भगवंतांनी तिखट, आंबट, खारट, अत्युष्ण, तीक्ष्ण, रूक्ष आणि दाह करणारे असे पदार्थ सांगितले. तेथील 'अति' हा शब्द प्रत्येक पदार्थाला जोडावा, असे भगवान शंकराचार्य भाष्यात सांगतात. म्हणून आईच्या हातची लिंबाची फोड किंवा वरणातील मीठ निषिद्ध ठरत नाही. निषेध अतिरेकाचा आहे. पाकिटातील खाद्य मात्र अतिरेकावरच उभे असते. एक खाल्ले की दुसरे खावेसे वाटावे, अशाच बेताने त्याचे मीठ, मेद आणि मसाला जुळविलेला असतो. गोडाचे नाव त्या श्लोकात नाही, म्हणून साखरेला मोकळीक मिळाली असे मात्र कोणी समजू नये. आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे असणारे जे सुख अठराव्या अध्यायात राजस म्हणून सांगितले आहे, त्यात ते गोड आलेच. परिणाम पाहण्याची दृष्टी बालकाला नसते. ती त्याच्या वतीने आई-वडिलांनी ठेवावयाची असते.

मग आई-वडील ती का ठेवत नाहीत? अज्ञान हे त्याचे कारण क्वचितच असते. झटपट नूडल्स भारतात १९८३ मध्ये आल्या. मॅकडोनाल्ड्सचे या देशातील पहिले दुकान १९९६ मध्ये दिल्लीत उघडले. आज जे आई-वडील आहेत, त्यांतील कित्येकांच्या बालपणीच्या आनंदाच्या आठवणीच या पदार्थांशी बांधलेल्या आहेत. शिवाय इंदूरच्या त्या वडिलांसारखी पुष्कळांची स्थिती असते. दिवसभर मुलाजवळ दोन घटका बसणे झाले नाही, ही टोचणी मनाला लागते आणि येताना हातात पुडा येतो. मूल आनंदाने उडी मारते, टोचणी शमते. तो पुडा मुलासाठी किती आणि वडिलांच्या स्वतःच्या समाधानासाठी किती, हे ज्याचे त्याने तपासावे.

यालाच शास्त्रात मोह म्हणतात, आणि तो नेहमी वात्सल्याचा वेष घेऊन येतो. धृतराष्ट्राला द्यूताचा परिणाम कळत नव्हता असे नाही. विदुराने स्पष्ट सांगितले होते. तरी दुर्योधनाचा हट्ट त्याच्याने मोडवला नाही. आणि एकदा सोडलेल्या पांडवांना पुन्हा द्यूतासाठी बोलावताना गांधारीचाही शब्द त्याने मानला नाही. वेफर्सच्या पाकिटावरून कुरुक्षेत्राची आठवण काढणे काहींना अतिशयोक्तीचे वाटेल. वाटू द्यावे. हट्टाला 'नाही' म्हणण्याचे बळ मोठ्या प्रसंगी एकाएकी येत नाही.

याच्या उलट टोकाला जाणारी घरेही आहेत. तेथे मुलाला चारचौघांत खादाड म्हणून हिणवितात, वाढदिवसाच्या पंक्तीतून उठवून आणतात. असे मूल सात्त्विक होत नाही, लपवावयास शिकते. अति खाणाऱ्याप्रमाणेच मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही, हे सहाव्या अध्यायातील वचन अशा पालकांनी लक्षात ठेवावे. आणखी एक अन्याय असा की हा सारा भार गृहिणीवर टाकला जातो. नोकरी करून थकून आलेल्या स्त्रीने ताजे का रांधले नाही, असा प्रश्न जो पुरुष विचारतो, त्याने निदान भाजी तरी निवडून द्यावी. श्रेष्ठ जसे आचरतो तसे इतर आचरतात, असे तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे. आणि बालकाच्या दृष्टीने घरातील प्रत्येक मोठा माणूस श्रेष्ठच असतो.

शाळेच्या आवारात आणि सभोवती पन्नास मीटरपर्यंत अति मेद, मीठ व साखर असलेले पदार्थ मुलांना विकू नयेत, असा नियम शासनाने २०२० मध्ये केला. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र कोणतेही शासन येऊ शकत नाही.

इंदूरच्या त्या घरी दुसऱ्या दिवशी वडील रिकाम्या हाताने आले. मूल रुसले, थोडे रडले. वडिलांनी त्याला जवळ घेतले आणि दोघे मटार सोलावयास बसले. निम्मे दाणे मुलाच्या तोंडात गेले. वडिलांनी त्याला अडविले नाही. उरलेल्या दाण्यांची उसळ झाली. आजोबांनी तिचा देवापुढे नैवेद्य दाखविला आणि पाठाला आरंभ केला. वैश्वानराच्या श्लोकापर्यंत येताच मूल मध्येच थांबून म्हणाले, "आजोबा, लवकर म्हणा ना. भूक लागली."