जन्मसंवत्सराचे मद्य

ज्या वर्षी मनुष्य जन्मास आला त्याच वर्षीच्या द्राक्षांचे मद्य त्यास वाढदिवशी भेट द्यावे, ही चाल युरोपातील असली, तरी परदेशी स्थायिक झालेला एखादा मुलगा वडिलांच्या साठीस तशी बाटली घेऊन नागपुरास उतरतो, तेव्हा त्या भेटीत नेमके काय दिले जाते आणि ते घेणाऱ्याच्या धर्मात बसते काय, हा विचार आपल्यालाही टाळता येत नाही.

१९६३ सालचेच उदाहरण घेऊ. त्या वर्षी पोर्तुगालमधील दोरो नदीच्या खोऱ्यात द्राक्षांचे पीक इतके उत्कृष्ट उतरले की पोर्ट मद्याच्या बहुतेक नामांकित पेढ्यांनी ते साल स्वतंत्रपणे जाहीर केले. ते मद्य सुमारे दोन वर्षे लाकडी पिंपांत राहिले आणि मग बाटलीत भरून तळघरांच्या अंधारात आडवे निजविले गेले. इकडे त्या पाडव्यास शके १८८५चे शोभन संवत्सर लागले होते, आणि साठ संवत्सरांचे चक्र पुरे होऊन २२ मार्च २०२३ रोजी तेच शोभन पुन्हा आले. त्या वर्षी जन्मलेल्या मनुष्याची साठीशांत आणि त्या मद्याची साठी अशा रीतीने एकाच संवत्सरात येतात, आणि या योगाने मुलाचे मन भारावून जावे, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

परंतु बाटलीतील मद्य तेच राहिले आहे काय? मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला दुधाचा दाखला दिला आहे: दुधाचे दही, दह्याचे लोणी, लोण्याचे तूप होते, त्यास तेच म्हणता येत नाही आणि निराळेही म्हणता येत नाही. पाळण्यातील अर्भक आणि साठीचा गृहस्थ यांचा संबंधही याच जातीचा होय. मग वयाची पूज्यता कशात? केवळ काळ लोटल्याने वस्तू थोर होत नाही. बहुसंख्य मद्ये साठ वर्षांत विटून जातात. जे टिकले ते द्राक्षाच्या सत्त्वाने टिकले, आणि त्याहूनही अधिक, ज्यांच्या हाती ती बाटली होती त्या अनेकांनी ती फोडण्याचा मोह आवरला म्हणून टिकले. भेटीतील खरे मोल या अनामिकांच्या संयमाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या वर्धापनविधीत याच्या उलट गोष्ट आढळते. मार्कंडेयाचे व चिरंजीवांचे पूजन करून जे प्यावयाचे, ते तीळ व गूळ घातलेले अर्धी ओंजळ दूध. रात्र उलटली की नासणारे, म्हणून त्याच दिवशीचे. युरोपीय चाल सरलेल्या आयुष्याचा गौरव करते, आपला विधी पुढचे आयुष्य मागतो. साठवणीचे माहात्म्य आपल्या वैद्यांना अपरिचित होते असे मात्र नव्हे. चरकाने दहा वर्षांचे तूप पुराण मानून ते उन्मादावर योजिले आणि आसवे जुनी होतील तितकी गुणवान, असे शार्ङ्गधराने सांगितले.

तथापि ही भेट घेणाऱ्याच्या धर्मात बसते काय, हा प्रश्न नागपुरात अधिक गंभीर होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नगरीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि शेजारचा वर्धा जिल्हा तर गांधीजींच्या वास्तव्यामुळे १९७४पासून दारूबंदीचा मुलूख आहे. मद्यप्राशनाचा सरकारी परवाना १९४९च्या दारूबंदी कायद्यान्वये दप्तरातून मिळवता येतो. व्रताचा मामला असा निकालात निघत नाही. ज्या पित्याने ती प्रतिज्ञा आयुष्यभर पाळली, त्याच्यापुढे मुलाने ही बाटली ठेवणे म्हणजे वचन आणि वात्सल्य यांत त्यास निवड करावयास लावणे होय. आणि देश, काल व पात्र पाहून दिलेल्या दानासच गीतेने सात्त्विक म्हटले आहे. ज्याचे असे व्रत नाही, त्याने कुटुंबासमवेत चार घोट घेतले तर त्यात मला अधर्म दिसत नाही.

बाटली आणून झालीच असेल, तर धर्मशास्त्राची दानाची व्याख्या येथे उपयोगी पडते: देणाऱ्याचे स्वत्व निवृत्त होऊन घेणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न झाले म्हणजे दान पुरे झाले. त्यानंतर पित्याने ती बाटली फोडली, कपाटात तशीच ठेवली किंवा व्रत नसलेल्या एखाद्या स्नेह्यास देऊन टाकली, तरी मुलाने रुसण्याचे कारण नाही. वडिलांना तो घोट घेताना पाहावे ही त्याची इच्छाही त्याने बाटलीबरोबरच देऊन टाकलेली असली पाहिजे.