ऐकू न येणारी साधना

ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य मुळात मोकळ्या जागेसाठी घडलेले आहे. वादक पेल्यासारख्या माउथपीसवर ओठ टेकवून फुंकतो, ओठांच्या कंपनाने नळीतली हवा थरारते आणि रुंद कर्ण्यातून बाहेर पडणाऱ्या आवाजाला घराच्या भिंती पुरत नाहीत. दाट वस्तीत राहणाऱ्या वादकाने रोजचा सराव करावा तरी कुठे, या अडचणीवर सरावाचे म्यूट हा उपाय आहे. म्यूट म्हणजे कर्ण्यात बसवायचा पोकळ शंकू. मैफलीत वापरल्या जाणाऱ्या साध्या म्यूटला कॉर्कच्या सुट्या पट्ट्या असतात, त्यांच्यामधल्या फटींतून हवा जाते आणि आवाजाचा रंग तेवढा बदलतो; सरावाच्या म्यूटला मात्र सलग कॉर्क असते, त्यामुळे कर्णा जवळजवळ बंद होतो आणि हवेला बाहेर पडायला बारीकशी वाट उरते. या साधनामुळे शेजाऱ्याची झोप वाचते, पण त्यातून उभा राहणारा प्रश्न थेट धर्मचिंतनाचा आहे: जी साधना दुसऱ्याच्या कानी पडू नये अशी मुद्दाम तजवीज केलेली आहे, तिचे मोल कशावर ठरते?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशू दान करताना पुढे कर्णा वाजवू नका असे बजावतो आणि प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगतो. भारतीय परंपरेत जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार मानले जातात. वाचिक जप मोठ्याने होतो, उपांशु जपात ओठ हलतात पण जवळ बसलेल्यालाही शब्द कळत नाहीत, तर मानस जप मनातल्या मनात चालतो. आणि मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात या क्रमाने जपाचे श्रेष्ठत्व वाढत गेलेले आहे. म्यूट लावून वाजवणाऱ्याची बाह्य स्थिती उपांशु जप करणाऱ्यासारखीच दिसते, तेव्हा लपलेला सराव हाच अधिक शुद्ध, असा निष्कर्ष कोणालाही सहज काढावासा वाटेल.

तो घाईचा आहे. मत्तयाच्या त्या अध्यायाचा रोख आवाजावर नाही, वाहवा मिळवण्याच्या हावेवर आहे. आणि जपाला मंत्र पुरतो, त्याच्या सिद्धीसाठी दुसऱ्या कोणी ऐकण्याची गरज नसते. ट्रॉम्बोनचा सूर मात्र कानानेच घडवावा लागतो. या वाद्यावर पडदे नाहीत आणि सहसा कळाही नाहीत. स्लाइड, म्हणजे पुढेमागे सरकणारी नळी, सात स्थानांवर नेऊन स्वर काढायचे असतात, ही स्थाने नळीवर कुठेही खुणावलेली नसतात आणि बाहेर जावे तशी त्यांच्यातली अंतरे वाढत जातात. सरावाच्या म्यूटने स्वर बहुधा थोडा चढतो, खालचे स्वर डळमळतात आणि हवा अडल्याने फुंकर वेगळ्या जोराची लागते. चढलेला स्वर जागेवर आणण्यासाठी वादकाचा हात नकळत स्लाइड किंचित बाहेर सारतो, आणि असे महिनोन्‌महिने चालले की हाताला तीच जागा खरी वाटू लागते. म्यूट काढल्यावर तोच हात बेसूर ठरतो. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात हेच वाद्यवादनाच्या उदाहरणाने मांडले आहे की, वाजवण्यातूनच चांगले वादक घडतात आणि वाजवण्यातूनच वाईट वादकही घडतात, आणि सद्‌गुणांचेही तसेच असते. एकांतात केलेली कृती प्रामाणिक असली तरी तेवढ्याने ती योग्य सवय घडवेल असे नाही, हे त्याचे म्हणणे येथे अक्षरशः हाताच्या बोटांत उतरलेले दिसते. म्यूटमध्ये मायक्रोफोन बसवून वादकाच्या कानातल्या हेडफोनमध्ये सभागृहाचा कृत्रिम घुमारा ऐकवणारी यामाहासारख्या कंपन्यांची यंत्रणा ही उणीव काही अंशी भरून काढते, तरी तो घुमारा ज्या सभागृहाचा म्हणून ऐकू येतो, ते सभागृह कुठेच नसते.

या वाद्याचा धार्मिक इतिहास या प्रश्नावर वेगळाच प्रकाश टाकतो. बोहेमियातल्या जुन्या धर्मसुधारणेशी नाते सांगणाऱ्या मोरावियन पंथाने 1741 मध्ये पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम ही वसाहत स्थापली, आणि तेथे 1754 पासून ट्रॉम्बोनवादकांचे पथक उभे राहिले. पंथातले कोणी निवर्तले की हे पथक उंचावरून भजनांच्या धुना वाजवी. पंथाची माणसे वय, स्त्री-पुरुष भेद आणि वैवाहिक स्थिती यांनुसार गटांत विभागलेली असत आणि प्रत्येक गटाची धून ठरलेली असे, त्यामुळे मृत्यू कोणत्या गटात झाला हे कामावर असलेल्या माणसालाही धून ऐकूनच कळे. येथे शेजाऱ्याला त्रास होईल म्हणून आवाज आवरायचा नव्हता; आवाज होता तोच त्याच्यासाठी, आणि त्याच्यापर्यंत तो पोहोचला नसता तर वादकांचे कर्तव्यच अपुरे राहिले असते.

तेव्हा शेजाऱ्याचा वादकावर दुहेरी हक्क आहे, असे म्हणणे भाग पडते. रात्री त्याला शांतता मिळाली पाहिजे, आणि त्या दृष्टीने म्यूट लावणे हा निखळ सौजन्याचा, किंबहुना संयमाच्या व्रताचा भाग आहे. पण वाद्य ज्याच्यासाठी आहे तोही अखेर कोणी शेजारीच असतो, आणि त्याला मिळायचा सूर बंद कर्ण्यात पुरता घडत नाही. चुका कोणाच्या कानी पडू नयेत एवढ्यासाठीच जो वादक दिवसाही म्यूट काढत नाही, तो येशूने सांगितलेल्या बंद खोलीत बसलेला नसतो. लोकांच्या मताची धास्ती त्याने खोलीत बरोबरच नेलेली असते, आणि वाहवेची हाव व ही धास्ती यांत फारसे अंतर नाही. आपल्या वाजवण्याच्या वेळा शेजाऱ्यांशी बोलून ठरवणारा आणि त्या वेळात कच्चा, चुकणारा सूरही मोकळ्या कर्ण्याने वाजवणारा वादक त्या अध्यायाच्या अधिक जवळ उभा आहे.