घरातील कडू पेय

पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाचा पाला आणि गूळ एकत्र वाटून केलेली गोळी तोंडात पडल्याखेरीज आमच्या घरात कोणाला चहा मिळत नाही. बेळगावात आमच्या शेजारी कन्नड कुटुंबे आहेत. त्यांच्याकडून त्याच दिवशी उगादीचे 'बेवु-बेल्ल' येते, तेही निंब आणि गूळच. दोन भाषांच्या या सीमेवर ज्या थोड्या गोष्टींविषयी वाद नाही, त्यांत हा कडू घास मोडतो. चरकाचार्यांनी तिक्त रसाविषयी एक मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे: हा रस स्वतः रुचकर नसतो, परंतु अरुची तोच घालवितो. (संस्कृतातला 'कटु' म्हणजे आपला तिखट आणि 'तिक्त' म्हणजे आपला कडू, वैद्यकाचे ग्रंथ मराठी कानांनी वाचणाऱ्याची येथे हटकून फसगत होते.)

गेल्या वर्षी पाडव्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या घरात आणखी एक कडू पेय तयार झाले. त्यावरून मनात उभा राहिलेला प्रश्न आमच्याच्याने अद्याप मिटविता आलेला नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे कुलदैवत कवळ्याची श्रीशांतादुर्गा. वर्षातून एकदा घाट उतरून दर्शनास जाण्याचा आमचा परिपाठ आहे. त्या खेपेस पणजीत नोकरी करणारा आमचा पुतण्या आपली मोटार घेऊन बरोबर होता. दर्शन झाले, प्रसाद झाला, आणि आम्ही चोर्ल्याच्या घाटाने परत निघालो. घाट चढून आल्यावर नाक्यावर मोटार थांबविण्यात आली. शिपायाने खिडकीतून आत पाहिले. आमच्या मांडीवर प्रसादाचा नारळ आणि फुलांची पुडी होती, कपाळावर कुंकू होते, आणि वयाचा पांढरेपणा तर लपण्यासारखा नाहीच. त्याने विचारले, "काही आहे का?" पुतण्या गप्प बसला आणि त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "देवीचा प्रसाद आहे." शिपायाने हात जोडले आणि मोटार सोडली.

डिकीत तीन बाटल्या होत्या, आणि आम्हांस ते ठाऊक होते. पणजीहून निघतानाच पुतण्याने त्या दाखविल्या होत्या. केवळ गोव्यातच विक्रीसाठी, असे त्यांवर छापलेले आम्ही स्वतः वाचले होते. आम्ही बोललो तो शब्द खरा होता. त्याहून अधिक लाजिरवाणे असत्य आमच्या तोंडून उभ्या आयुष्यात गेल्याचे स्मरत नाही.

आता त्या बाटल्यांविषयी. पुतण्याला जे पेय करावयाचे होते, त्याचे नाव नेग्रोनी. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी १९१९ च्या सुमारास त्या आडनावाच्या एका सरदाराने आपल्या नेहमीच्या पेयात सोड्याऐवजी जिन घालावयास सांगितली आणि त्यातून हे निघाले, असे म्हणतात. कृती अगदी सोपी आहे. जिन, गोड तांबडा व्हर्मूथ आणि काम्पारी नावाचा लालभडक कडू अर्क हे तिन्ही समभाग, प्रत्येकी तीस मिलिलिटर, बर्फावर ओतावयाचे, चमच्याने सावकाश ढवळावयाचे आणि वर संत्र्याच्या सालीचा तुकडा पिळून टाकावयाचा. जिनऐवजी सोडा घातला की तो मूळचा अमेरिकानो; जिनऐवजी व्हिस्की घातली की बुलव्हार्दिए. मिलान शहरातल्या एका मद्यगृहात १९७२ साली चुकून जिनच्या जागी फेसाळ द्राक्षमद्य पडले आणि त्या चुकीलाच लोकांनी डोक्यावर घेतले. तिचे नावही 'चुकलेला नेग्रोनी' असेच पडले. पुतण्याने स्वतः जिनच्या जागी काजूची फेणी घालून पाहिली होती. फेणीचा वास बाकी दोघांना बोलूच देत नाही, असे त्याचे मत पडले.

आम्ही हे सर्व नाक मुरडून ऐकत होतो. परंतु त्या बाटल्यांत काय असते हे तो सांगू लागला तेव्हा मात्र आमची पंचाईत झाली. जिनला तिचा वास देणारे फळ म्हणजे आयुर्वेदातली हपुषा. गोव्यात तयार होणाऱ्या एका जिनचे नावच मुळी 'हपुसा' आहे. व्हर्मूथ हे नाव ज्या कडू वनस्पतीवरून पडले, ती आपल्या दवण्याच्या कुळातली. हाच दवणा चैत्रात वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला वाहावयास निपाणी-चिकोडीकडची माणसे सासनकाठ्यांबरोबर चालत जातात. काम्पारीची कृती १८६० पासून गुप्त आहे, परंतु तिचा लाल रंग २००६ पर्यंत किड्यांपासून काढीत असत आणि आता तो कृत्रिम असतो, हे उघड झालेले आहे. किड्याचे नाव निघताच आमच्या वडील भगिनींनी कानांवर हात ठेवले. सोमवार सोडून इतर दिवशी बांगड्यावर ताव मारणाऱ्या घराला किड्याचे सोवळे आठवावे, ही गंमत त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही.

धर्मशास्त्राकडे वळावे, तर तेथे निर्णय स्वच्छ आहे. मनूने सुरापान महापातकांत घातले. गूळ, पीठ आणि मधु यांपासून केलेल्या सुरेचे गौडी, पैष्टी आणि माध्वी असे तीन प्रकार सांगून तिन्ही वर्ज्य ठरविले. जिन धान्याची, म्हणून ती पैष्टीत बसते. उलट चरकसंहिता म्हणते की विधीने, मात्रेने, योग्य काळी, हितकर अन्नासह आणि प्रसन्न चित्ताने घेतलेले मद्य अमृतासारखे असते. आपल्या पूर्वजांनी या दोहोंतून जी वाट काढली ती प्रत्येक घराच्या फडताळात उभी आहे: कुमारी आसव, द्राक्षासव, दशमूलारिष्ट. धायटीची फुले घालून आंबविलेल्या या औषधांत मद्यांश असतोच. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होते. त्या कायद्यातून मद्यांशयुक्त औषधे वगळावी लागतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली दिला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. आज निपाणीस एक कायदा, अर्ध्या तासावरच्या कागलास तो जुना मुंबईचा कायदा आणि त्याचा परवाना, तर घाटाखाली गोव्यात तिसराच. एकाच दिवसाच्या प्रवासात पेला तीनदा आपली जात बदलतो. अशा कायद्यावर नीतीचा डोलारा उभारणे कठीण आहे. परंतु कायदा बदलता आहे म्हणून नाक्यावर खोटे बोलण्याची मुभा मिळते, असे मात्र नव्हे. आम्ही काही काळ स्वतःची तशी समजूत घालून पाहिली. ती टिकली नाही.

"काका, यात जिन फक्त तीस मिलिलिटर आहे," असे पुतण्या म्हणाला होता. आम्ही शिक्षकी पेशात आयुष्य घालविले असल्याने कागद घेऊन बसलो. जिन शेकडा बेचाळीस, काम्पारी पंचवीसच्या आसपास, व्हर्मूथ सोळा. तिन्हींची बेरीज शुद्ध मद्यार्क सुमारे पंचवीस मिलिलिटर. व्हिस्कीच्या साठ मिलिलिटरच्या मोठ्या पेगातही जवळजवळ तेवढाच असतो. तीन सभ्य मापे एकत्र आली की त्यांचा एक धटिंगण होतो. पुतण्याने बेरीज तपासली आणि मान्य केली. त्याचे हे प्रामाणिकपण नमूद करणे आम्हांस अवश्य वाटते.

मग आम्ही त्याला एक आव्हान दिले. गोडी कडूपणाची आहे म्हणतोस ना, तर मद्य वजा करून तोच कडूपणा करून दाखव. त्याने मनापासून खटपट केली. काडेचिराईत रात्रभर पाण्यात भिजवून गाळले, त्यात आमसुलाचे लाल पाणी, साखर, संत्र्याची साल आणि दवण्याची काडी घातली. रंग हुबेहूब आला. आमच्या भगिनींनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "कोडू आसा मगो हें!" आणि पेला संपविला. पुतण्याने आपला पेला अर्धा ठेवला. "चव बरीच जवळ गेली काका, पण हे ते नव्हे." येथे प्रश्न उघडा पडला. रुची, सुगंध, इतिहास, समभाग हे सर्व खरे. परंतु त्या सर्वांच्या तळाशी जी धुंदी आहे ती काढली, तर रसिकता अर्ध्यावर पेला खाली ठेवते.

त्या रात्री पुतण्या आणि त्याचे दोन मित्र गच्चीवर बसले. गडबड नाही, आवाज नाही. दहाच्या आत जेवून झोपले. आम्हांस दोष काढावयास जागा सापडली नाही. सकाळी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंनी ते पेले उचलले, एक नाकाशी नेला आणि आमच्या भगिनींस म्हणाल्या, "ह्यो वास आमच्या घरात रोजच असतोय बघा, बाई." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. संत्र्याची साल, हपुषा, दवणा, यांतले काही त्यांच्या नाकाला थांबवू शकले नाही. वासाची ओळख त्यांना अचूक पटली.

त्या एका वाक्याने आम्ही साठ वर्षे मागे गेलो. आमचे आजोळ निपाणीचे. आजोबांची तंबाखूची वखार होती. वखारीत पाऊल टाकले की घसा धरत असे. तंबाखू चाळणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधून दिवसभर त्या धुळीत बसत. गावात घरोघर बायकांच्या मांडीवर विड्यांची सुपे असत. एका बाजाराच्या दिवशी एक हमाल कामावर आला तेव्हा त्याच्या तोंडाला वास येत होता. आजोबांनी त्याला तेथल्या तेथे काढून टाकले आणि राहिलेली मजुरी त्याच्या बायकोच्या हाती दिली. घरात सर्वांनी त्यांच्या शिस्तीची वाखाणणी केली. त्या रात्री आजोबांनी जेवणापूर्वी नेहमीप्रमाणे चांदीच्या पेल्यात द्राक्षासव घेतले. ते पेल्यात ओतून देण्याचे काम आमच्याकडे असे. त्या घरात तंबाखूला व्यसन म्हणालेले आम्ही कधी ऐकले नाही. तो व्यापार होता.

हमालाने आदल्या रात्री किती घेतली होती, हे कोणी मोजले नव्हते. कदाचित ती पंचवीस मिलिलिटरांहून कमी असेल, कदाचित पुष्कळ अधिक. आम्ही पुतण्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, त्याच्याशी चरक आणि मनू बोललो, त्याला चिराइताचा पर्याय सुचविला. हमालाला मात्र एक वाक्यही मिळाले नाही. पुतण्याशी बोललो यात चूक झाली असे आम्हांस वाटत नाही. बोलावयास हवेच होते. परंतु पेला काचेचा, नाव इटालियन आणि हात घरचा असला की आपण त्या गोष्टीस आवडीनिवडी म्हणतो, आणि तोच वास वखारीच्या दारातून आला की चारित्र्य म्हणतो. नाक्यावरच्या शिपायानेही आम्हांस याच मापाने मोजले होते. आमच्या जागी डोक्यावर गाठोडे घेतलेला कोणी असता, तर त्याचे गाठोडे सोडावयास लावले असते.

आमच्या भगिनींचे म्हणणे वेगळे आहे. त्या म्हणतात, हमालाच्या घरी मुले उपाशी होती, पुतण्याच्या घरी कोणी उपाशी नाही. पाप पेल्यात नसते, उपाशी पोटात असते. यात तथ्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि भांडी घासणाऱ्या बाईंचे घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि त्यांच्या मुलांनी काय खाल्ले हे आम्ही आजवर विचारलेले नव्हते. आता विचारतो.

यंदाही कवळ्यास जावयाचे आहे. पुतण्यास आम्ही पत्र लिहिले: डिकीत बाटली असेल तर नाक्यावर विचारल्यास आम्ही "आहे" म्हणून सांगणार, आणि प्रसाद मागच्या आसनावर ठेवणार. चार दिवसांनी त्याचे उत्तर आले. त्याने बेळगावातल्याच दुकानातून, येथला कर भरलेली बाटली घेण्याचे ठरविले आहे. किंमत बरीच अधिक पडते, म्हणून या वेळी एकच घेतो, असे त्याने खाली लिहिले आहे.